विश्लेषण: ५०० चौरस फुटांचं घर मिळालं, पण अंगणाचं काय?

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते हा कार्यक्रम झाला. ज्यांच्या दोन-तीन पिढ्या १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढल्या, त्यांच्या नावावर ४० मजली इमारतीत ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर झालं. म्हणजे तिपटीहून मोठं घर, तेही मोफत.

अशी बातमी आली की सोशल मीडियावर दोन सूर ठरलेले असतात. एक म्हणतो, चाळ गेली, माणुसकी गेली. दुसरा म्हणतो, शौचालयाच्या रांगेत उभे राहून बघा, मग चाळीचं कौतुक करा. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण या वादात एक साधा प्रश्न मागे पडतो. घराचं क्षेत्रफळ वाढलं. मात्र घराबाहेर जी जागा सगळ्यांची मिळून होती, तिचं नव्या नकाशात काय झालं?

हा प्रश्न फक्त वरळीचा नाही. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, जिथे जिथे जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत, तिथल्या प्रत्येक सोसायटीचा आहे.

बीडीडी चाळी कुठून आल्या?

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत घरांची प्रचंड टंचाई होती. गिरण्यांत काम करायला कोकणातून, घाटावरून माणसं येत होती आणि एका खोलीत दहा-पंधरा जण राहत होते. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये, 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' हे खातं सुरू झालं. बीडीडी हे त्याचंच लघुरूप. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायचं उद्दिष्ट होतं. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे २०७ इमारती झाल्या आणि खोल्यांची संख्या सुमारे १६ हजारांवर थांबली.

इमारतीचा साचा सगळीकडे एकच. तळमजला आणि वर तीन मजले. प्रत्येक मजल्यावर मधोमध लांब बोळ, त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून २० खोल्या आणि टोकाला सामाईक शौचालयं. एका इमारतीत ८० खोल्या. गिरगावातल्या चाळींना असते तशी बाहेरची मोकळी गॅलरी इथे नाही.

यापैकी शिवडीच्या चाळी बंदर प्राधिकरणाच्या म्हणजे केंद्राच्या जमिनीवर असल्याने त्या सध्याच्या प्रकल्पात नाहीत. उरलेल्या तीन ठिकाणचा पुनर्विकास म्हाडा करत आहे. वरळीत ९,६८९, नायगावात ३,३४४ आणि ना. म. जोशी मार्गावर २,५६० अशा एकूण १५,५९३ रहिवाशांचं पुनर्वसन त्यात होणार आहे.

चाळीत घर कुठे संपायचं?

कागदावर घर १६० चौरस फुटांचं होतं. प्रत्यक्षात तेवढ्यात सहा-सात माणसांचा संसार मावणं शक्य नव्हतं. त्यामुळे घर दाराबाहेर पसरलं. बोळात मुलांचा अभ्यास, रात्रपाळीहून आलेल्यांची झोप, गहू निवडणं. जिन्यावर गप्पा. दोन इमारतींच्या मधल्या जागेत लग्नाचा मांडव, गणपती, पूजा, बाराव्याची पंगत. त्यापुढे मैदान, वरळीत जांबोरी मैदान. तिथे क्रिकेट, कबड्डी, दहीहंडी आणि सभा.

नियोजनाच्या भाषेत याला जागेची उतरंड म्हणता येईल. आधी फक्त कुटुंबाची खोली. मग मजल्यावरच्या २० घरांचा बोळ. मग ८० घरांचा जिना आणि आवार. मग सगळ्या वस्तीचं मैदान, आणि शेवटी शहराचा रस्ता. प्रत्येक पायरीवर ओळखीचं वर्तुळ थोडं मोठं होतं. पाच वर्षांचं मूल बोळात एकटं खेळू शकतं, आठ वर्षांचं आवारात, बारा वर्षांचं मैदानावर. त्याला कोणीतरी ओळखत असतं आणि कोणाचं तरी लक्ष असतं.

मुंबईचं सार्वजनिक जीवन बऱ्याच अंशी अशाच जागांत घडलं. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. गिरणगावात संपाच्या सभा, भजनी मंडळं, व्यायामशाळा, ग्रामस्थ मंडळांच्या बैठका चाळींच्या आवारातच होत.

मात्र याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. बोळ वापरला जात होता, कारण खोलीत जागा नव्हती. सामाईक शौचालयाचा सर्वाधिक त्रास बायकांना, म्हाताऱ्यांना आणि आजारी माणसांना होत होता. नव्याने लग्न झालेल्या जोडप्याला एकांत नव्हता. सगळ्यांचं लक्ष असणं म्हणजे कधी आधार, तर कधी पाळत. आवारातही जात आणि धर्म पुसले जात नव्हते. १९७४ च्या जानेवारीत दलित पँथरच्या सभेनंतर वरळीच्या याच चाळींत दंगल पेटली होती. त्यामुळे चाळ परत आणा, ही मागणी तिथे राहणाऱ्यांपैकी फारसं कोणी करत नाही. त्यांना स्वतःचं शौचालय हवं आहे. प्रश्न एवढाच आहे की ते मिळताना अंगण जायलाच हवं का?

टॉवरमध्ये नेमकं काय बदलतं?

पहिला बदल उतरंडीत होतो. फ्लॅटचं दार उघडलं की लिफ्टसमोरची छोटी मोकळी जागा, मग लिफ्ट, मग थेट पार्किंग किंवा फाटक. मधल्या पायऱ्या गळतात. ३५ व्या मजल्यावरच्या मुलाला खाली सोडायचं तर मोठ्या माणसाला सोबत जावं लागतं. डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांनी अनेक शहरांतलं लोकांचं वागणं पाहून मांडलं आहे की, पाचव्या मजल्याच्या वर गेलं की रस्त्याशी नातं जवळपास तुटतं. माणसाचा चेहरा ओळखू येत नाही, हाक ऐकू जात नाही.

दुसरा बदल जमिनीच्या हिशेबात होतो. रहिवाशांना मोफत घर द्यायचं तर खर्च कुठून निघणार? त्याच जमिनीवर जादा इमारती बांधून त्यातली घरं आणि गाळे बाजारभावाने विकून. म्हणजे जिथे आधी फक्त रहिवासी होते, तिथे रहिवासी, विक्रीच्या इमारती, दुकानं आणि या सगळ्यांच्या गाड्या एवढं बसवावं लागतं. जमीन मात्र तेवढीच असते. मग मोकळी जागा इमारती उभ्या केल्यावर जे कोपरे उरतात, त्यात शोधली जाते.

तिसरा बदल मालकीचा. पुनर्वसनाच्या इमारती आणि विक्रीच्या इमारती यांची फाटकं अनेक प्रकल्पांत वेगळी असतात. बाग, क्लब हाऊस, जॉगिंग ट्रॅक विक्रीच्या बाजूला. त्याच जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्यांना तिथे प्रवेश नसतो. एका भूखंडावर दोन शेजार तयार होतात आणि त्यांच्यामध्ये पत्र्याची नाहीतर काँक्रीटची भिंत असते.

मोकळी जागा कमी झाली तर बिघडतं काय?

याचं उत्तर फक्त 'मुलांना खेळायला जागा नाही' एवढंच नाही. मुंबईतच त्याचं गंभीर उदाहरण आहे. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांमुळे विस्थापित झालेल्यांना गोवंडीतलं नटवर पारेख कंपाउंड, मानखुर्दमधलं लल्लूभाई कंपाउंड अशा वसाहतींत घरं मिळाली. घरं पक्की, शौचालय आतच. पण इमारती एकमेकींना इतक्या खेटून की काही ठिकाणी दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवे लावावे लागतात.

'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने २०१८ मध्ये या वसाहतींचा अभ्यास केला. ऊन आणि हवा न पोहोचणाऱ्या घरांचा आणि क्षयरोगाच्या प्रादुर्भावाचा संबंध त्यात समोर आला. खालच्या मजल्यांवरच्या कुटुंबांना धोका जास्त होता. क्षयाचे जंतू कोंदट, अंधाऱ्या खोलीत जास्त वेळ टिकतात, हे वैद्यकशास्त्राला जुनं ठाऊक आहे. म्हणजे दोन इमारतींमधली 'रिकामी' जागा वाया गेलेली नसते. ती खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या फुप्फुसांसाठी राखलेली असते.

नियम काय सांगतात?

मोकळ्या जागेबाबत नियम आहेत. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीत भूखंडाच्या आकारानुसार १५, २० किंवा २५ टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवणं बंधनकारक होतं. बोलीभाषेत लोक याला 'आरजी' म्हणतात. पुढे गाड्या वाढल्या, तसे बिल्डर ही जागा पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर दाखवू लागले. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की, ही किमान जागा जमिनीवरच हवी. पोडियमवर द्यायची तर ती त्याहून जास्तीची.

नंतर आलेल्या 'विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली २०३४' मध्ये मात्र यातला काही हिस्सा पोडियमवर देण्याची मुभा मिळाली. फरक बारीक वाटतो, पण तो महत्त्वाचा आहे. जमिनीवरच्या मातीत मोठं झाड वाढतं, पावसाचं पाणी मुरतं, येणाराजाणारा सहज थांबतो. पोडियमवर कुंड्या आणि हिरवा गालिचा येतो, आणि लिफ्टचं बटण दाबल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही.

उर्वरित महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांना २०२० ची एकत्रित नियमावली लागू आहे. त्यात ०.४० हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीसाठी १० टक्के खुली जागा सोडावी लागते. छोट्या भूखंडांवरचे पुनर्विकास यातून सुटतात. पुण्यातल्या पेठेत किंवा डोंबिवलीत एकामागोमाग दहा छोट्या सोसायट्यांच्या जागी दहा उंच इमारती येतात. त्यातली एकही एकट्याने बाग देण्याइतकी मोठी नसते. गल्लीतली लोकसंख्या मात्र दुप्पट-तिप्पट होते.

घर विरुद्ध मैदान असा थेट पेच जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोरही आला. मैदान किंवा बागेसाठी राखीव असलेल्या भूखंडावर झोपडपट्टी असेल, तर तिथे पुनर्वसन करून किमान ३५ टक्के जागा मोकळी ठेवण्याची तरतूद मुंबईच्या नियमावलीत आहे. 'नगर' या संस्थेने तिला आव्हान दिलं होतं. न्यायालयाने तरतूद कायम ठेवली. मात्र ती ३५ टक्के जागा खरोखर मोकळी आणि सर्व नागरिकांसाठी खुली राहिली पाहिजे, यावर भर दिला. त्या निकालाचं मोल ठरेल ते अंमलबजावणीवर. ३५ टक्के जागा नकाशात दाखवणं वेगळं आणि तिथे कोणालाही जाऊन बसता येणं वेगळं.

इतरांनी हे कसं जमवलं?

बीडीडी चाळी उभ्या राहत होत्या त्याच दशकात ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना इथेही कामगारांसाठी घरं बांधली जात होती. १९३० मध्ये खुली झालेली 'कार्ल मार्क्स होफ' ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध वसाहत. एक किलोमीटरहून लांब, १,३८२ घरांची. पण बांधकाम भूखंडाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी जागेवर. बाकी मोठाली अंगणं आणि बागा. वसाहतीतच धुलाईघर, बालवाडी, वाचनालय, दवाखाना. घरं लहानच होती, पण नगरपालिकेने घर आणि शेजार यांचं काम एकाच वेळी हाती घेतलं होतं.

उंच इमारतींचं उदाहरण हवं असेल तर सिंगापूर. तिथले साधारण ८० टक्के रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. १९७० च्या दशकापासून तिथल्या बहुतेक इमारतींचा तळमजला घरं न बांधता मोकळा ठेवला गेला. पावसाउन्हात छप्पर असलेली ही जागा गाड्यांसाठी नव्हे, माणसांसाठी. तिथे मलय कुटुंबांची लग्नं होतात, चिनी कुटुंबांचे अंत्यविधी होतात, म्हातारे बुद्धिबळ मांडतात. देखभालीसाठी 'टाऊन कौन्सिल' आहे. तिथेही सगळं गोड नाही. चेंडू खेळायला मनाई करणारे फलक आणि त्यावरून होणारे वाद तिथेही आहेत. पण वाद घालायला जागा तरी आहे!

सर्वांत जवळचं उदाहरण नवी मुंबईतलं आहे. बेलापूरचं 'आर्टिस्ट व्हिलेज' वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलं. प्रत्येक घराला स्वतःचं छोटं आवार. सात घरांच्या मध्ये साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण. असे तीन गट मिळून २१ घरं आणि त्यांच्यामध्ये बारा बाय बारा मीटरचा चौक. असे तीन चौक मिळून त्याहून मोठी, वीस बाय वीस मीटरची जागा. पायरीपायरीने वाढत जाणारं अंगण इथे आधी आखलं गेलं, घरं त्याभोवती बसली. पुढे लोकांनी घरं वाढवली, काहींनी पाडून बंगले बांधले, पण चौक बऱ्याच अंशी टिकले. कारण प्रत्येक चौक ठरावीक घरांचा होता आणि त्यावर कोणाचं लक्ष आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

बेलापूरची बैठी घरं वरळीत चालणार नाहीत, तेवढी जमीन तिथे नाही. तिथून घ्यायचं आहे ते सूत्र: जागा किती आहे याइतकंच ती किती घरांची आहे हेही महत्त्वाचं. हजार कुटुंबांच्या एका मोठ्या बागेबरोबरच पाच-सहा मजल्यांमागे एक सामाईक गच्ची, प्रत्येक इमारतीच्या पायथ्याशी बसायची सावली, आणि दोन इमारतींमध्ये गाड्यांना बंदी असलेलं एक आवार, हे ४० मजली इमारतीतही करता येतं. त्यासाठी ते पहिल्या नकाशात असावं लागतं. इमारत उभी राहिल्यावर अंगण घालता येत नाही.

देखभाल कोण करणार?

चाळीत बोळ झाडायचा कोणी, पाण्याची वेळ कोण सांभाळणार, मांडवाची परवानगी कोण देणार, हे चाळ कमिटी आणि मंडळं ठरवत. पैसे कमी लागत, माणसं जास्त लागत. टॉवरमध्ये उलटं होतं. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, सुरक्षारक्षक यांचा खर्च दर महिन्याला उभा राहतो. तो भागला नाही तर सर्वांत आधी कात्री लागते ती सामाईक जागेला. बागेचे दिवे बंद होतात, खेळणी गंजतात, आणि एके दिवशी तिथे दुचाकी लागायला सुरुवात होते. पुनर्वसनाच्या अनेक इमारतींत हे घडलेलं आहे. म्हणून मोकळ्या जागेची आखणी करताना तिच्या देखभालीचा पैसा आणि जबाबदारी यांचीही लेखी तरतूद असावी लागते.

पुनर्विकासाच्या बैठकीत काय विचारावं?

पुनर्विकासाची चर्चा बहुतेक सोसायट्यांत तीन गोष्टींभोवती फिरते: किती जादा चौरस फूट, किती कॉर्पस, किती भाडं. या प्रश्नांचं महत्त्व कमी नाही. त्यांच्या जोडीला आणखी काही प्रश्न विचारता येतात.

• मंजूर नकाशात मोकळी जागा किती, आणि त्यातली जमिनीवर किती, पोडियमवर किती?
• ती जागा एकसंध आहे, की इमारतीभोवतीच्या पट्ट्यांची बेरीज करून दाखवली आहे?
• विक्रीच्या इमारतींतले रहिवासी आणि जुने रहिवासी ती एकत्र वापरणार का? करारात तसं लिहिलं आहे का?
• सर्वांत खालच्या मजल्यावरच्या घरात ऊन आणि हवा येईल इतकं अंतर शेजारच्या इमारतीशी आहे का?
• लग्न, गणपती, अंत्ययात्रा यांसाठी जागा कोणती? घरात गेलेलं माणूस शेवटचं कुठे ठेवणार, हा प्रश्न चाळीत पडत नव्हता. टॉवरमध्ये पडतो.
• आजूबाजूला आणखी सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या असतील, तर समूह विकासातून एकत्र मैदान मिळू शकतं का?
• पाच वर्षांनी बागेचा खर्च कोण देणार?

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथलं काम टप्प्याटप्प्याने सुरू आहे. जांबोरी मैदान आहे तिथेच आहे. ज्यांनी चाव्या घेतल्या, त्यांच्या मुलांना आता स्वतःची खोली, स्वतःचं शौचालय आणि खिडकीतून दिसणारं आकाश मिळालं आहे. ते मिळायला शंभर वर्षं लागली. ती मुलं संध्याकाळी लिफ्टने खाली उतरल्यावर त्यांच्यासमोर काय असेल, पार्किंगचा उतार की खेळायची जागा, हे पुढच्या इमारतींच्या नकाशांवर ठरणार आहे. ते नकाशे मंजूर होण्याआधी पाहण्याचा आणि त्यावर बोलण्याचा हक्क रहिवाशांना आहे.